चाकांवरचे बिऱ्हाड, माळावरचा मुक्काम

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तेच ढग घाट ओलांडून शिरूर-दौंडपर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसे काही उरलेले नसते. इथे वर्षभरात पाचशे मिलिमीटर पडला की शेतकरी वर्ष बरे गेले म्हणतो. नद्या आणि कालवे सोडले तर हा मुलूख उघडाबोडका आहे: मुरमाड माळ, खुरट्या बाभळी, हिवर, बोरी, गुडघाभर कुसळी गवत आणि नजर जाईल तिथवर आभाळ. घर-गाडी घेऊन मित्रांबरोबर मोकळ्या रानात राहायचे म्हटले की लोक जैसलमेरचे नाहीतर कच्छच्या रणाचे बेत आखतात. एवढी लांब गाडी हाकण्याआधी पुण्याहून दीड-दोन तासांवरचा हा कोरडा पट्टा एकदा राहून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढची कृती सहा मित्र, एक गाडी आणि दोन रात्री या हिशेबाने लिहिली आहे.

बिऱ्हाड घेऊन हिंडणे इथे नवे नाही. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते, तेव्हा दिंडीचा ट्रक माणसांच्या आधी मुक्कामी पोचतो. वारकरी पायी येईपर्यंत राहुट्या ठोकलेल्या, पाण्याची सोय झालेली, चुली पेटलेल्या असतात. धनगरांचा वाडा घोड्यांवर संसार लादून येतो, शेतमालकाशी बोलणे करतो आणि त्याच्या रानात मेंढ्या बसवतो. रानाला खत मिळते, वाड्याला धान्य किंवा पैसे. या दोघांकडून घ्यायची गोष्ट एकच, आणि सगळी कृती तिच्यावर उभी आहे: मुक्काम दिवसाउजेडी धरायचा आणि जमीन ज्याची आहे त्याला विचारून धरायचा. माळ मोकळा दिसला तरी तो कुणाचा तरी असतो. शेतकऱ्याचा असतो, गायरान असेल तर गावाचा, नाहीतर वनखात्याचा. आणि रात्री तो लांडग्याचा, खोकडाचा, पखुर्डीचा असतो.

१. महिना आणि तिथी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. त्याआधी परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात टिकून असते आणि जड गाडीचे चाक तिथे बघता बघता रुतते. मार्चपासून ऊन सोसवत नाही आणि वाळलेल्या गवताला ठिणगीसुद्धा पुरते. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर येते, मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून खालून खालून घिरट्या घालत असतात, आणि हवा कोरडी असल्याने आभाळ स्वच्छ मिळते.

दिवस अमावास्येच्या आसपासचे निवडा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. त्या सुमारास चंद्र नसेल तर दुसरा कुठलाच बेत आखू नका.

१ जानेवारी मात्र वगळा. त्या दिवशी पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. तो दिवस अभिवादनाला येणाऱ्यांचा आहे, सहलीच्या गाडीने त्यांच्या वाटेत येऊ नये. अंगारकी आली असेल तर रांजणगावच्या गर्दीचाही विचार करा.

२. गाडी

सहा जणांना टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅरव्हॅन पुरते. भाड्याने घेताना पाटी पिवळी आहे ना, हे आधी पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊन फिरणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. कुणाच्या घरची ट्रॅव्हलर असेल आणि तिच्यात पलंग-ओटा बसवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवा. नोंदणी-पुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळे बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. आसने काढून गाद्या टाकणे सोपे वाटते, पण धावत्या गाडीत पट्ट्याशिवाय आडवे पडलेले माणूस जोराच्या ब्रेकला थेट पुढच्या काचेवर जाते. झोपायचे ते गाडी उभी असताना.

भाड्याच्या कॅरव्हॅनबरोबर बहुधा चालक येतो. तो सातवा माणूस. त्याची गादी, त्याचे जेवण, त्याची आठ तासांची झोप आधी ठरवा आणि मग बाकीच्यांची वाटणी करा. आपण उबेत आणि चालकदादा स्टिअरिंगवर डोके ठेवून, असे करणे चुकीचे आहे. शिवाय दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा जीव त्याच्याच हाती असतो.

सरकारचे २०२१ चे कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणि २०२० चे कृषी पर्यटन धोरण, दोन्ही आपल्या कामाची आहेत. या दोन्हींमुळे शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावणे, त्याचे पाणी-वीज पैसे देऊन वापरणे हा आता सरळ, उजळ माथ्याचा व्यवहार झाला आहे.

३. पाणी, वीज, गॅस

पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरा: चार प्यायला आणि स्वयंपाकाला, सहा बाकी सगळ्याला. सात माणसांचे दोन दिवसांचे एकशे चाळीस लिटर होतात, वर वीस राखीव. म्हणजे वीस लिटरचे आठ जार. ते एकशे साठ किलो ओझे गाडीत खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा, टपावर कधीही नको.

वाटेत नदी आहे म्हणून पाणी कमी घेऊ नका. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. तिथून खालचे पाणी पिणे तर सोडाच, भांडी घासायलाही घेऊ नये. माळावरच्या विंधन विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागते. अंघोळीला चालेल, चहा मात्र फसतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. शंभर अँपिअर-तासाची जादा बॅटरी असेल तर तिच्यातली निम्मी वीज निर्धास्त वापरता येते. दोन एलईडी दिवे आणि सात फोन एवढ्यावर ती दोन रात्री पुरते. लहान फ्रिज चालवायचा असेल तर टपावर दोनशे वॅटचे सौर पॅनेल हवे. एसी विसरून जा. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा माणशी एक रजई किंवा दोन घोंगड्या घ्या आणि कानटोपी विसरू नका.

गॅसची पाच किलोची छोटी टाकी घ्या, घरातली मोठी नको. स्वयंपाक गाडीच्या बाहेर, वारा अडवून. थंडी आहे म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारे लावू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

४. जागा

इथे घाई करू नका, आणि जमल्यास एका मित्राने आधीच्या आठवड्यात दुचाकीवरून येऊन जागा पाहून जावी.

या दोन तालुक्यांचे दोन चेहरे आहेत. भीमा, घोड, कुकडी आणि मुळा-मुठेच्या काठाने ऊस आहे: हिरवा, दाट, बागायती. राहू-केडगाव भागात गुऱ्हाळांच्या धुराड्यांवरूनच हा पट्टा ओळखू येतो. दुसरा चेहरा जिरायती. शिरूरमध्ये पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडचा. दौंडमध्ये सोलापूर रस्त्याच्या दक्षिणेचा, पडवी, कुसेगाव, रोटी, जिरेगाव, वासुंदे या बाजूचा. मुक्काम करायचा तो जिरायती बाजूला. आभाळ मोकळे तिथेच मिळते, आणि दुसरे कारण पुढच्या पायरीत आहे. ताऱ्यांसाठी जात असाल तर रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींपासून लांब जा. त्यांच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर रात्रभर पसरलेला असतो.

जागा दिसली की गाडी रस्त्यालाच उभी करा आणि दोघांनी चालत जवळच्या वस्तीवर जा. सहाच्या सहा जण एकदम दारात गेले की म्हातारी माणसे बिचकतात. बोलणे असे सुरू होऊ द्या: "राम राम आबा. आम्ही पुण्याहून आलोय, सात माणसं, एक गाडी. आज रात्री तुमच्या माळावर थांबू का? जाळ करणार नाही, सकाळी कचरा घेऊन जाऊ." पाटील, सरपंच, मोठी ओळख यातले काही सांगू नये. आबा "थांबा की" म्हणाले तर तीन गोष्टी विचारा: रात्री पिकाला पाणी द्यायला इकडून कुणी येते का, गाडी कुठे लावली तर गुरांची वाट अडणार नाही, आणि बिबट्या दिसल्याचे काही ऐकले आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे पूर्ण ऐका. ते सांगतील ते कुठल्याही नकाशात नसते.

पैशाचे आपण होऊन विचारा. पुष्कळदा नको म्हणतील. मग दूध, वांगी, हुरडा, अंडी जे असेल ते त्यांच्याकडूनच घ्या आणि भावात घासाघीस करू नका. घर माळकरी असेल तर त्यांच्या रानात मांस शिजवू नका, बाटली उघडू नका. हे त्यांनी सांगायची वाट पाहू नये.

मग गावच्या पोलीस पाटलांना फोन करून गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या कळवा. २०२४ साली रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मोठी घबराट पसरली होती, गावोगाव लोक जागे राहून पहारे देत होते. अनोळखी गाडी रात्री माळावर उभी दिसली तर चार माणसे काठ्या घेऊन विचारायला येणारच, आणि त्यांचे बरोबर आहे. आपला ड्रोन घरी ठेवून या.

वनखात्याच्या रानात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबायचे नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य दौंडच्या हद्दीला लागून आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलेले. तिथे दिवसा जावे, फाटकावर पैसे भरावे, आणि उजेड असतानाच बाहेर पडावे.

५. बिबट्याचा विचार

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. उसाच्या फडात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या आहेत. फडात जन्मलेल्या पिलांना तेच रान. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांच्या आत तीन माणसांचा जीव गेला, त्यांत दोन मुले होती. तिथल्या आईबापांना अंगणात मूल सोडायची भीती वाटते. आपण दोन रात्रींचे पाहुणे, पण नियम त्यांचेच पाळायचे.

उसाच्या फडाजवळ, ओढ्याच्या काठाला, झाडीच्या कडेला गाडी लावू नका. चारही बाजूंना दोनशे पावले तरी मोकळे रान हवे. शिरूरच्या बाजूला अंधार पडल्यावर बाहेर गादी टाकून झोपायचे नाही. तारे पाहायचे तर आवारात, सगळ्यांनी मिळून, दिवा हाताशी ठेवून. एकट्याने बाहेर वाकून किंवा उकिडवे बसू नका. बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावराएवढे दिसते. रात्री शौचाला जायचे तर दोघांनी, विजेरी लावून, मोठ्याने बोलत. मोबाइलवर गाणे लावले तरी चालेल. बरोबर लहान मूल असेल तर संध्याकाळी सहानंतर त्याचा हात सोडू नका. घरचे कुत्रे आणू नका. बिबट्याचे आवडते भक्ष्य कुत्रे आहे, आणि ते आपल्या पायाशीच झोपते.

दौंडच्या माळावर बिबट्याचा वावर कमी असला तरी अजिबात नाही असे नाही. म्हणून पहिली रात्र शेतकऱ्याच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या कुंपणात काढावी, सगळ्यांना सवय व्हावी, आणि माळावर दुसऱ्या रात्री जावे. वनखात्याची मदतवाहिनी १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. हे तीन आकडे गाडीच्या दाराला आतून चिकटवा.

सापांचेही याच दमात सांगतो. घोणस, फुरसे, नाग, मण्यार चारही इथे आहेत. थंडीत कमी दिसतात, पण दुपारच्या उन्हाला दगडावर येतात. बूट गाडीत ठेवा, सकाळी झटकून घाला, दगड हाताने उचलू नका. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काही नाही: तो अवयव हलू न देता थेट शिरूरच्या किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात.

६. वाट

शनिवारी पहाटे सहाच्या आत पुणे सोडा. त्यानंतर वाघोली आणि शिक्रापूर तुमचा सकाळचा वेळ खातील. रांजणगावला महागणपतीचे दर्शन, नाश्ता, आणि मग मुख्य रस्ता सोडून आत मोराची चिंचोली. गावात चिंचा आणि मोर दोन्ही भरपूर, घरोघर राहण्या-जेवण्याची सोय, हुरडाही इथलाच. पहिला मुक्काम इथे. मोर दुपारी दिसत नाहीत, ते पहाटे आणि दिवस कलताना खाली उतरतात. त्यांच्यामागे धावू नका, खाऊ टाकू नका.

रविवारी सकाळी मलठण, टाकळी हाजीवरून कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे गाठा. एका काठाला शिरूरचे टाकळी हाजी, दुसऱ्या काठाला पारनेरचे निघोज, दोन्हीकडे मळगंगा देवी. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये रांजणासारखे खळगे कोरले. तिथे तासभर तरी बसा. पण कड निसरडी आहे आणि खळग्यांची खोली वरून कळत नाही. पाण्यात उतरायचे नाही. धरणातून आवर्तन सुटले असेल तर पाणी चढते, म्हणून आधी देवळाजवळच्या दुकानात विचारा.

तिथून शिरूर. डिझेल, भाजी, बर्फ, पाण्याचे जार इथेच भरून घ्या, पुढे सगळे विखुरलेले आहे. मग न्हावरा, भीमेवरचा पूल, केडगाव चौफुला आणि पाटसवरून दक्षिणेला माळाकडे. दुपारी चारच्या आत जागेवर पोचायचेच. गाळपाचा हंगाम असतो. उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या अंधारात मागच्या दिव्यांशिवाय चालतात आणि वळणावर त्यांची मोळी अर्धा रस्ता व्यापते. रात्री या रस्त्यांवर गाडी चालवू नका, एवढे एक ऐका.

ज्यांना शनिवारी सुट्टी नाही त्यांनी रविवारी रेल्वेने यावे. पुणे-दौंड मार्गावर यवत, केडगाव, पाटस ही स्थानके आहेत. गाडीने वाटेत त्यांना उचलायचे.

७. गाडी लावणे

मुरमावर लावा, काळ्या मातीवर कधीही नाही, वर कोरडी दिसली तरी. उतार असेल तर तोंड उताराकडे करा, म्हणजे सकाळी गाडी सहज निघते. चारही चाकांना दगडांची उटी द्या. हातब्रेकच्या भरवशावर कुणी झोपू नये. पलंगावर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहा. घरंगळली तर खालच्या चाकाखाली फळी सरकवा. दार वाऱ्याच्या उलट बाजूला यावे. आणि गरम सायलेन्सर उंच वाळल्या गवतावर येता कामा नये, आग तिथूनच लागते.

पाणवठा जवळ असेल तर त्याच्यापासून दूर जा. पखुर्ड्या सकाळी थव्याने पाण्यावर येतात, चिंकारे येतात. आपली गाडी तिथे असली की ते तहानलेले परत जातात.

८. हुरडा

हा पहिल्या संध्याकाळी, चिंचोलीच्या रानात. माळावर गवत असते, तिथे आगटी पेटवायची नाही.

ज्वारीचा दाणा नखाने दाबला की दूध यावे, पण पाण्यासारखे पातळ नको. सुरती किंवा गुळभेंडी मिळाली तर भाग्य. दाणा गोड आणि कोंड्यातून सहज सुटतो. साधी मालदांडीही चालते, जरा जास्त चोळावी लागते. नांगरलेल्या रानात हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा करा. गोवऱ्या पेटवा आणि ज्वाळा पूर्ण बसेपर्यंत थांबा. इथे सगळे उतावीळ होतात. ज्वाळेत कणीस वरून करपते, आत कच्चे राहते. लाल विस्तवावर राखेची पातळ साय धरली की कणसे देठाला धरून तिच्यात खुपसा, फिरवत राहा. तीन-चार मिनिटांत खरपूस वास सुटतो. तेव्हा काढा, राख झटका, आणि चटका सोसेल तितक्या गरम असतानाच हातावर किंवा गोणपाटावर चोळा. फुंकून कोंडा उडवा. हिरवे, ओलसर, गोड दाणे तळहातावर उरतात. ते तिथेच खायचे. ताटलीत जमवून ठेवलेला हुरडा पाच मिनिटांत चिवट होतो.

बरोबर शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, आणि त्याच विस्तवात भाजलेले वांगे. भाजणाऱ्याला खायला मिळत नाही, म्हणून पाळीपाळीने बसा. वर पाण्याऐवजी ताक प्या. उठताना आगटीवर पाणी ओता, राख काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि हात लावून गार झाली की नाही ते पाहूनच जागा सोडा.

माळावरच्या रात्रीसाठी सोपे जेवण: बाजरीच्या भाकरी वस्तीवरून करून घ्या, पिठले गॅसवर दहा मिनिटांत होते. यवतला पालखीच्या मुक्कामी गावकरी वारकऱ्यांना हेच पिठले-भाकरी वाढतात. ठेचा घरून आणा.

९. रात्र

स्पीकर आणू नका. आणलाच असेल तर पिशवीतून काढू नका. माळावर आवाज फार लांब जातो. वाड्यावरची मेंढरे बिथरतात, वस्तीवरची माणसे पहाटे उठणारी असतात.

गाडीतले दिवे घालवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि एकाने जरी फोन उघडला तरी सगळ्यांची ती मिनिटे वाया जातात. लागलाच तर विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधा. मृग, कृत्तिका, रोहिणी डिसेंबरात रात्री नऊला चांगल्या वर आलेल्या असतात. याच आभाळाखाली शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आपल्याला न दिसणारे आभाळ ऐकत असतात.

दूर विजेरी हलताना दिसली तर घाबरू नका. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते आणि कुणीतरी पिकाला पाणी द्यायला निघालेले असते. हाक मारा, चहा विचारा. धनगरांच्या वाड्याकडे मात्र रात्री जायचे नाही. त्यांचे कुत्रे राखणीला आहेत आणि आपली ओळख त्यांना नाही. सकाळी जा, लांबूनच "मामा" म्हणून हाक द्या, ते कुत्रे आवरतील मग पुढे व्हा. लांडग्यांबद्दल ऐकायचे असेल तर त्यांच्याइतके कुणी सांगणार नाही. मेंढरू गेले तरी पुष्कळ जण लांडग्याला शिव्या देत नाहीत, त्याचा तो वाटा मानतात.

१०. कचरा आणि शौच

उष्टे, हाडे, भाताचे खरकटे माळावर टाकू नका. "जनावरे खातील" हे म्हणणे खरे आहे, आणि त्रास तिथेच आहे. खरकट्यावर भटकी कुत्री वाढतात. ती खोकडाची पिले आणि चिंकाऱ्याची पाडसे मारतात, लांडग्यांना रोग देतात, आणि त्यांच्याशी संकरही करतात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. आपल्या पातेल्यातला उरलेला भात या साखळीची पहिली कडी आहे. ओला आणि सुका असे झाकणाचे दोन डबे ठेवा, दोन्ही पुण्याला परत न्या. भांड्यांचे साबणाचे पाणी गाडीच्या टाकीत साठवा, माळावर किंवा ओढ्यात सोडू नका.

गाडीत संडास नसेल तर वस्तीवर विचारा. घरच्या बायका सोबतच्या मैत्रिणींना कधी नाही म्हणत नाहीत. तेही नसेल तर खुरप्याने वीतभर खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून लांब, आणि नंतर माती लोटून बुजवणे. कागद पिशवीत घालून परत.

११. तिसरा दिवस

सूर्य उगवायच्या आत उठा. भोवत्या, चंडोल, धाविक यांची वर्दळ पहिल्या दोन तासांतच असते. लांडगा दिसावा अशी फार इच्छा असेल तर स्वतः माळ तुडवत शोधू नका. वनखात्याने बारामतीच्या शिर्सुफळला आणि इंदापूरच्या कडबनवाडीला गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे, तिथे गावातलीच माहीतगार मुले बरोबर येतात. पुढे सवडीप्रमाणे मोरगाव, किंवा दौंडवरून भीमेपलीकडचे सिद्धटेक. वेळ असेल तर पेडगावचा किल्लाही पाहा. १६८९ साली कैद झालेल्या संभाजी महाराजांना इथेच आणले होते. रोहित पक्षी पाहायचे तर भिगवण, पण त्यासाठी पहाटेची नाव हवी, म्हणून ते याच फेरीत कोंबू नका.

माळ सोडताना सगळ्यांनी एका रांगेत उभे राहून जागेवरून एकदा चालत जा. बाटलीचे झाकण, बिस्किटाचा कागद, सिगारेटचे थोटूक, जे दिसेल ते उचला. चाकांची उटी काढून दगड होते तिथे ठेवा. भाकरीची दुरडी, दुधाची किटली धुऊन वस्तीवर परत करा आणि निघतो म्हणून सांगून या.

घरी पोचल्यावर सांडपाण्याची टाकी गटाराच्या जोडणीतच रिकामी करा, गाद्या उन्हात टाका, अंगातले कुसळ काढल्याशिवाय कपडे मशिनमध्ये घालू नका. फोटो काढले असतील तर आबांच्या नातवाच्या फोनवर पाठवा. जागेचा नेमका ठावठिकाणा मात्र कुठे टाकू नका. पुढच्या वेळी जाणाऱ्याला त्यांना स्वतः जाऊन विचारू द्या.